हुकावरचा रंग

१

निकाल लागला तेव्हा आमचा दर सगळ्यांत कमी होता, आणि तरी काम दुसऱ्याला गेलं.

बांधकाम कार्यालयाच्या फलकावर एकच कागद लावला होता. आमच्या कंपनीच्या नावापुढे 'पूर्वकामगिरी' या रकान्यात एक शब्द होता. असमाधानकारक. खाली ना कारण, ना आकडा.

काम होतं मोठ्या सरकारी इस्पितळातल्या लिफ्टच्या देखभालीचं. इस्पितळाच्या दोन विंग. दोन्ही एकदमच बांधलेल्या, दोन्हींत एकाच बनावटीच्या लिफ्ट. डावी विंग इतकी वर्षं आमच्या कंपनीकडे होती, उजवी दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे. आता दोन्ही मिळून एकालाच द्यायच्या होत्या.

आमची कंपनी म्हणजे माझ्या बायकोची. ती लिफ्टची इंजिनिअर. मी साइनबोर्ड रंगवणारा पेंटर. ती जाऊन वर्षही झालेलं नव्हतं. कंपनी आता लेक बघत होती, आईच्याच हाताखाली तयार झालेली.

लेकीने कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "बाबा, हा शेरा माझ्यावर नाही. ज्या कामावर मारलाय ते सगळं काम आईचं आहे."

हा शेरा एकदा बसला की पुढची काही वर्षं कुठल्याही सरकारी कामाला हात लावता येत नाही. आमचे मेकॅनिक घरी बसले असते. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की ती जिवंत असताना कुणी तिला हा शब्द वापरला नव्हता.

तेवढ्यात मागून वास आला. उजव्या विंगचा कंत्राटदार आला, की माणसाआधी त्याचं सेंट पोचतं. आमच्या घरात त्याला सेंटवालेच म्हणतात. काम त्यालाच मिळालं होतं.

"वाईट वाटलं हो," माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला. "वहिनींचं काम चोख. फक्त तो तुमचा बोर्ड जरा कमी लटकवायला हवा होता."

मी मान हलवली. सांत्वनाला आलेल्या माणसाचं बोलणं मी हल्ली नीट ऐकत नाही.

२

त्या दुपारी अक्का आल्या. अक्का म्हणजे बायकोची मोठी बहीण. विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करून निवृत्त झाल्या. आग लागलेल्या दुकानात शिरायचं, राख चाळायची आणि मालक खरं बोलतोय की खोटं ते सांगायचं, असं आयुष्यभर केलं. मला माझ्या नावाने कधी हाक मारत नाहीत. "पेंटर" म्हणतात. लग्नाची बोलणी चालू असताना तेच म्हणाल्या होत्या, ते चिकटलं.

"काय झालं ते पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "कोण काय बोललं तेसुद्धा. तुम्हाला महत्त्वाचं वाटत नाही ते तर नक्की सांगा."

मी सांगत गेलो. सेंटवाल्याच्या वाक्यापाशी त्यांनी हात वर केला.

"बोर्ड? कुठला बोर्ड?"

बोर्ड माझ्याच हातचा. लाल पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं. 'लिफ्ट बंद. काम चालू आहे. कृपया जिना वापरा.' बायकोचा दंडक होता, की बोर्ड लटकवल्याशिवाय लिफ्टला पाना लावायचा नाही. नुसतं तेल घालायचं असलं तरी आधी बोर्ड. माणूस आत हात घालून बसलाय आणि बाहेरून कुणी बटण दाबलं, हे तिला कुठल्याही किमतीत नको होतं.

"आणि त्या कागदावर बोर्डाबद्दल काही लिहिलं होतं?"

"नाही. नुसता शेरा."

"कारण दिलेलं नाही," अक्का म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नाही, पोरीला माहीत नाही. मग त्या वासाच्या माणसाला कसं माहीत?"



३

आक्षेप घ्यायला मुदत थोडी होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं उपअभियंत्याकडे गेलो. शेरा त्याच्याच सहीचा. माणूस वाईट वाटला नाही. त्याने चहा मागवला.

"माझं वैयक्तिक काही नाही," तो म्हणाला. "जे मोजलं ते लिहिलं. डावी लिफ्ट दर थोड्या दिवसांनी बंद. उजवी एकदाही नाही. शून्य."

"मोजलं कुठून?" लेकीने विचारलं.

"इस्पितळाच्या चौकशी खिडकीवरून. तिथे लिफ्ट बंद असली की टिपून ठेवतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायला."

"पण निविदेत लिहिलंय की बिघाड मोजले जातील. बंद असणं मोजणार असं कुठेच नाही."

"आता बंद आहे म्हणजे बिघाडच असणार ना!"

"आमच्या घरचं दुकान रविवारी बंद असायचं," अक्का म्हणाल्या. "बुडालं नव्हतं."

उपअभियंता हसला नाही. "निविदेआधी सगळ्या कंत्राटदारांची बैठक झाली. तेव्हा ठरलं की खिडकीवरच्या नोंदी धरायच्या. तुमच्याकडून कुणी आलंच नाही."

"कधी झाली बैठक?"

त्याने तारीख सांगितली. लेक खुर्चीवरून उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी आम्ही तिच्या आईला पोचवून घरी आलो होतो.

अक्कांनी आवाज बदलला नाही. "सूचना कुणाची होती?"

"आता आठवत नाही," उपअभियंता म्हणाला, आणि कपात बघत राहिला. कपातला चहा संपलेला होता.

बाहेर आल्यावर अक्का पायरीवर थांबल्या.

"शून्य," त्या म्हणाल्या. "पेंटर, शून्य अपघाताची गाडी मी नोकरीत एकदाच पाहिली. मालकाने ती घेतल्यापासून गॅरेजमधून बाहेरच काढली नव्हती. चला, इस्पितळ बघू."

४

ती गेल्यापासून मी त्या इस्पितळात पाऊल टाकलं नव्हतं. डाव्या विंगच्या दारातून आत गेलो. लिफ्टपर्यंत जायचं धाडस होईना, म्हणून म्हटलं शेजारच्या उताराने चढून जावं. चाकाच्या खाटा ढकलण्यासाठी तिथे रॅम्प आहे. चार पावलं गेलो आणि अंधारात गुडघा सणसणीत आपटला. रॅम्पवर जुनी लोखंडी कपाटं, मोडक्या खुर्च्या, सलाइनचे स्टँड असं सगळं छतापर्यंत रचलेलं. शिव्या देत लंगडत परत आलो.

लेक आणि अक्का चौकशी खिडकीपाशी पोचल्या होत्या. खिडकीतली बाई बायकोला चांगली ओळखायची.

"लिफ्ट मला इथून दिसतच नाही," ती सांगत होती. "दोन्ही कोपऱ्याच्या आड आहेत. मला दिसतात ते दोन खांब. खांबावर बोर्ड लटकला की मी लिहिते, बंद. काढला की लिहिते, चालू. लोक सारखे विचारतात ना, डोकं खातात."

"आणि डावीकडचा बोर्ड कधी लटकायचा?" अक्कांनी विचारलं. "म्हणजे कुठल्या वेळेला?"

"मॅडमचा? तो ठरलेला. जेवणाची गाडी वर जायची, रिकामी होऊन खाली यायची, पेशंट आडवे व्हायचे, की बोर्ड. भेटीची वेळ सुरू व्हायच्या आत गायब. बोर्ड दिसला की मी माझा डबा उघडायचे."

"गर्दीच्या वेळी कधी?"

"छे! गर्दीत कशाला लावतील?"

अक्का माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत मी बऱ्याच दिवसांनी गंमत पाहिली. "पेंटर, असा बिघाड बघितलाय कधी? जेवणाची गाडी खाली येईपर्यंत अदबीने थांबणारा?"

चौकशीबाईचा चेहरा पडला. "म्हणजे माझं लिहिलेलं मॅडमच्या विरोधात गेलं? अहो, मला काय ठाऊक! साहेबांनी मागितलं, मी दिलं."

"तुम्ही खरं तेच लिहिलंत," लेक म्हणाली. "वाचणाऱ्याने चुकीचं वाचलं."

मी तोवर डाव्या खांबापाशी गेलो होतो. आमचा बोर्ड जिथे लटकतो तो लोखंडी हुक घासून चांदीसारखा चकचकीत झाला होता. मग सवयीने उजवा खांब बघायला गेलो. रंगकामात माझी नजर आपोआप जाते. दोन्ही खांबांना एकच फिका हिरवा रंग. रंगारी आळशी होता, हुक काढायचे सोडून त्याने वरूनच ब्रश फिरवला होता. डाव्या हुकावरचा रंग केव्हाच उडाला होता. उजव्या हुकावर तो जशाचा तसा होता. टोकाला एक ओघळ सुकून बसला होता, तोसुद्धा शाबूत.

"अक्का, इकडे या," मी हाक मारली. "हा रंग कधी दिला?"

चौकशीबाईने खिडकीतूनच सांगितलं, "दोघांची कामं सुरू झाली त्याच्या जरा आधी."

"मग या हुकावर तेव्हापासून बोर्ड लटकलेलाच नाही. पत्र्याचं भोक एकदा जरी घासलं असतं तरी हा ओघळ तुटला असता."

"पण दर महिन्याची तपासणी बोर्ड लावूनच करायची, असं दोघांच्या करारात आहे," लेक म्हणाली. "म्हणजे एक तर त्यांनी तपासणी केली नाही, नाहीतर बोर्ड न लावता केली."

मला वाटलं, जिंकलो. अक्का मात्र मान हलवत होत्या.

"अर्धंच झालं. तो म्हणेल, बोर्ड राहिला असेल, पण माझी लिफ्ट तर चालत होती. ती बंद पडत होती हे कोण सांगणार? आपली पडत नव्हती हे तरी कोण सांगणार?" मग त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं. "तुम्ही लंगडताय का?"

"डाव्या रॅम्पवर गुडघा आपटला. कपाटं रचून ठेवलीत मेल्यांनी."

अक्का मोठ्याने हसल्या. इस्पितळातली माणसं वळून बघायला लागली.

"चला," त्या म्हणाल्या. "आता उजवा रॅम्प."

५

उजव्या रॅम्पवर एक खुर्चीसुद्धा नव्हती. फरशीवर चाकांचे काळे पट्टे होते. वळणावर, खाटेची मूठ येते त्या उंचीला, भिंतीचा हिरवा रंग खरवडून आतला गिलावा बाहेर आला होता. मी बोट फिरवलं, पांढरी पूड हाताला लागली. ताजी.

वरून एक वॉर्डबॉय रिकामी खाट उतरवत येत होता. सगळे त्याला मामा म्हणतात.

"मामा, लिफ्ट सोडून इथून कशाला?" लेकीने विचारलं.

"लिफ्ट?" मामाने खाट थांबवली. "ताई, ती लिफ्ट म्हणजे आमची धाकटी सून. मनात आलं तर कामाला हात लावते. आज नाही मनात."

"मग कंपनीचा माणूस येत नाही?"

"येतो की. दाराला लाथ मारतो, फोनवर बोलतो, जातो."

"बोर्ड लावत नाही?"

"बोर्ड लावला तर त्याचा साहेब त्याला फाडून खाईल. बोर्ड अजिबात लावायचा नाही, असा हुकूमच आहे."

"कोण साहेब?" अक्कांनी विचारलं.

"मला नाव विचारू नका हं," मामा म्हणाला. मग इकडेतिकडे बघून त्याने दोन बोटांनी नाक दाबलं आणि खाट घेऊन पुढे गेला.

६

आमच्या आक्षेपाच्या सुनावणीला समितीच्या अध्यक्षबाई वेळेआधी येऊन बसल्या होत्या. केस पांढरे, बोलणं मोजकं. एका बाजूला उपअभियंता आणि सेंटवाले, दुसऱ्या बाजूला आम्ही.

"एक आधीच स्पष्ट करते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "कोणाचं काम चांगलं, कोणाचं वाईट, हे ठरवायला मी बसलेली नाही. ते मत कार्यालयाचं. ते तुम्हाला पटलं नाही म्हणून मी बदलणार नाही. ते निविदेत लिहिल्याप्रमाणे ठरलं का आणि दोघांना सारखाच नियम लावला का, एवढंच मी बघेन."

मला वाटलं, हरलो. लेक मात्र शांत होती. तिच्या आईची बसण्याची तऱ्हा तशीच होती, पाठ ताठ, हात मांडीवर.

"आम्हाला तेवढंच हवंय," ती म्हणाली. "आम्हाला शाबासकी नको. निविदा सांगते, बिघाड मोजा. यांनी बोर्ड मोजले. जो काळजी घेतो तो बोर्ड लावतो, म्हणून तो नापास. जो लावतच नाही तो पहिला. तुम्ही फक्त एकदा इस्पितळात चला."

"हा वेळकाढूपणा आहे," सेंटवाले म्हणाले.

"माझा वेळ आहे, मी काढते," अध्यक्षबाई म्हणाल्या आणि चष्मा पर्समध्ये टाकला.

आधी डावी विंग. अध्यक्षबाईंनी रॅम्पवरची कपाटं पाहिली, दोन कपाटांमधलं कोळ्याचं जाळं पाहिलं. "हे कधीपासून इथे आहे?"

"पूर्वीपासूनच," उपअभियंता म्हणाला.

"मग इतक्या वेळा लिफ्ट बिघडली तेव्हा पेशंट खाली कसे आणले? खाटेसकट जिन्याने?"

उपअभियंत्याने कपाटांवरून नजर जिन्याकडे नेली. त्या क्षणी त्याला पहिल्यांदा कळलं असावं. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तो लबाड नव्हता. त्याने फक्त खुर्चीतून उठून बघितलं नव्हतं.

"आणि हे आजच्या आज हलवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आग लागली तर काय कपाटात बसायचं?"

मग उजवी विंग. खांबावर बोर्ड नव्हता. लिफ्टच्या दारावर दिवा लागलेला होता. अध्यक्षबाईंनी बटण दाबलं आणि उभ्या राहिल्या. आम्हीही उभे राहिलो. सेंटवाल्यांनी रुमालाने मान पुसली. दिवा तसाच जळत होता आणि लिफ्ट येत नव्हती. तेवढ्यात शेजारच्या रॅम्पवरून मामा आणि आणखी एक जण पेशंटसकट खाट सावकाश उतरवत आले. वळणावर मूठ भिंतीला घासली. आवाज सगळ्यांनी ऐकला.

अध्यक्षबाई बाजूला झाल्या, खाट जाऊ दिली. "ही लिफ्ट चालू आहे का हो?" त्यांनी मामाला विचारलं.

"दिसायला चालू आहे, बाई," मामा म्हणाला.

मग मी त्यांना हुक दाखवला. रंगाचा ओघळ दाखवला. त्यांनी नखाने हलकेच टोकरलं. ओघळ टचकन तुटून खाली पडला.

"आज थोडं दुर्लक्ष झालं असेल," सेंटवाले म्हणाले. "पण बोर्ड मोजायचं तर बैठकीत सगळ्यांसमोर ठरलं होतं. आम्ही काय कुणाचं वाईट चिंतलं?"

अक्का या क्षणाचीच वाट बघत होत्या.

"साहेब, निकालाच्या दिवशी तुम्ही आमच्या पेंटरना म्हणालात, बोर्ड कमी लटकवायला हवा होता. फलकावर तर कारण नव्हतं. तुम्हाला कुठून कळलं?"

"बैठकीत मीच तर..." सेंटवाले थांबले. "म्हणजे कुणीतरी सुचवलं होतं."

"कोणी?" अध्यक्षबाईंनी उपअभियंत्याकडे बघून विचारलं.

आता बघायला कप नव्हता. "यांनीच," तो म्हणाला. "बिघाड वेगळे मोजण्यापेक्षा बोर्ड मोजणं सोपं, असं यांचं म्हणणं. मला ते पटलं. वेळही वाचणार होता."

"आणि तुम्हाला पक्कं माहीत होतं," अक्का सेंटवाल्यांना म्हणाल्या, "की बोर्ड फक्त एकाच बाजूला लटकतो. दुसऱ्या बाजूला लटकू नये याची सोय तुम्हीच केली होतीत. बैठकीचा दिवससुद्धा बरा सापडला. माझी बहीण त्याच सकाळी गेली होती."

सेंटवाले मागे वळून लिफ्टचं बटण दाबायला लागले. बहुतेक आमच्यापुढून वर सटकायचं होतं. मामा लांबून म्हणाला, "साहेब, रॅम्पने जा."

हसू आवरताना खिडकीतल्या चौकशीबाईच्या हातातला डबा पडला.

७

निकाल थोड्याच दिवसांत आला. कार्यालयाने निविदेत नसलेलं माप वापरलं, ते एकाला तोट्याचं आणि दुसऱ्याला फायद्याचं ठरलं, म्हणून दिलेलं काम थांबवा, दोघांची पूर्वकामगिरी एकाच मापाने पुन्हा ठरवा, असं अध्यक्षबाईंनी बजावलं. यावेळी उपअभियंता स्वतः दोन्ही विंगमध्ये फिरला. वॉर्डातल्या नर्स, मामा, सगळ्यांशी बोलला. मग फलकावर नवा कागद लागला. आमच्या नावापुढे 'उत्कृष्ट' होतं. दर आमचा कमी होताच. दोन्ही विंग आम्हाला मिळाल्या.

लेकीने तो शब्द वाचला आणि फलकासमोर, सगळ्या लोकांत, मला मिठी मारली. मेकॅनिकांनी तिला उचलूनच घेतलं. अक्का म्हणाल्या, "पेंटर, रडायचं असेल तर रडा, पण रुमाल स्वतःचा वापरा." आणि आपलाच पुढे केला. मग म्हणाल्या, "माझी बहीण पास झाली."

"ती नापास कधीच नव्हती," मी म्हणालो.

"ते मला आणि तुम्हाला माहीत होतं. आता कार्यालयालाही माहीत झालं."

पहिल्या दिवशी लेक उजव्या लिफ्टमध्ये शिरायच्या आधी खांबापाशी थांबली. डाव्या विंगचा बोर्ड तिने तेवढ्यापुरता आणला होता. तिने तो हिरव्या हुकावर लटकवला, तेव्हा रंगाचा पापुद्रा निघून खाली पडला. चौकशीबाईने खिडकीतून हात हलवला आणि डबा उघडला. त्या संध्याकाळपासून उजवी लिफ्ट चालते आहे.

दुसऱ्या सरकारी इमारतींत अजून बोर्डच मोजतात. लेकीने त्याबद्दल अर्ज दिलाय. उत्तर आलेलं नाही.

आणि उजव्या विंगला स्वतःचा बोर्ड नाही. ती गेल्यापासून मी ब्रश हातात घेतला नव्हता. माझी अक्षरं सरळ आहेत का ते ती मागे उभी राहून सांगायची. पत्रा कापून ठेवलाय. लाल रंगाचे दोन हात देऊन झालेत, वाळलेतही. अक्षरं लिहायची राहिली आहेत.